आधी पारख, मग प्रयोगशाळा

मानवी पेशी वाढवणे ही आता दुर्मिळ विद्या राहिलेली नाही. ३७ अंश तापमान, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, योग्य पोषकद्रव आणि निर्जंतुकतेची शिस्त एवढे जमले की त्वचेच्या, तोंडातल्या अस्तराच्या किंवा चरबीतल्या पेशी प्लॅस्टिकच्या बशीत वाढतात, आणि जैवतंत्रज्ञानाचा पदव्युत्तर विद्यार्थीही काही महिन्यांत हे काम शिकतो. अवघड आहे ते त्यापुढचे. बशीत वाढले ते नेमके काय आहे, ते रुग्णाच्या शरीरात ठेवण्याजोगे आहे का, आणि ठेवल्यानंतर त्याला जो गुण आला तो त्यामुळेच आला का, या तीन प्रश्नांची उत्तरे पुराव्यानिशी देता येणे हे खरे काम आहे. गोव्यात स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, ज्यांच्यापासून शरीरात नव्या पेशी सतत घडत राहतात, त्यांच्या उपचारांचा विषय निघतो तेव्हा बोलणे बहुधा पहिल्या, सोप्या भागाभोवती फिरते: अद्ययावत प्रयोगशाळा हवी, केंद्र हवे, पर्यटनासाठी येणारा माणूस उपचारांसाठीही येईल. माझे म्हणणे असे आहे की या विषयावर सरकारी तिजोरीतला पहिला रुपया पेशी वाढवण्यावर खर्च होऊ नये. तो त्यांची पारख करण्याच्या सोयीवर आणि रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींवर खर्च व्हावा.

हे पटण्यासाठी अशा उपचारांत वापरला जाणारा पेशींचा पापुद्रा कसा तयार होतो ते थोडे जवळून पाहावे लागेल. बशीत वाढणाऱ्या पेशी एकमेकींना भिडल्या की त्यांचा एकसंध थर होतो. पूर्वी तो सोडवायचा तर ट्रिप्सिनसारखे विकर (एन्झाइम) घालावे लागे, आणि ते विकर बशीवरची पकड तोडता तोडता पेशीपेशींमधले दुवेही तोडून टाकी. हाती उरे तो सुट्या पेशींचा गढूळ द्रव. असा द्रव सुईने टोचला तर त्यातल्या बऱ्याच पेशी वाहून जातात किंवा मरतात. टोकियो महिला वैद्यकीय विद्यापीठातील तेरुओ ओकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास यावर तोडगा काढला. त्यांनी बशीच्या तळाला एका पॉलिमरचा अतिसूक्ष्म लेप दिला. सुमारे ३२ अंशांच्या वर हा लेप पाण्याला दूर ठेवतो, म्हणून ३७ अंशांना पेशी त्यावर चिकटून वाढतात. तापमान २० अंशांपर्यंत उतरवले की तोच लेप पाणी शोषून फुगतो आणि पेशींची पकड आपोआप सुटते. इन्क्युबेटरमधून काढलेल्या बशीत थोड्या वेळाने थराची कड पांढुरकी दिसू लागते, किंचित दुमडते, आणि मग दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटून तरंगू लागतो. सुटला की तो आक्रसतो, म्हणून त्याच्यावर आधाराचा पातळ पडदा ठेवून तो अलगद उचलावा लागतो. पेशींनी स्वतः विणलेली प्रथिनांची चिकट जाळी त्याच्या खालच्या बाजूला शाबूत राहते, आणि त्यामुळे तो ऊतीवर टाक्यांशिवाय बसतो. ओसाकाचे कोहजी निशिदा यांनी रुग्णाच्याच तोंडातील अस्तराच्या पेशींचा असा पापुद्रा डोळ्याच्या पारपटलावर, म्हणजे कॉर्नियावर, टाके न घालता बसवल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही सगळी कारागिरी मनोहर आहे, आणि तिची चलत्चित्रे पाहून कोणीही भारावून जावे. पण पापुद्रा सुबक सुटला म्हणून तो कामाचा आहे असे होत नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा इटलीतून आला. रसायनाने डोळा भाजला की पारपटलाच्या कडेला, लिंबस नावाच्या अरुंद पट्ट्यात राहणाऱ्या मूलपेशी नष्ट होतात; मग पारपटलावर रक्तवाहिन्या आणि धूसर आवरण चढते, आणि नुसते नेत्ररोपण केले तरी ते टिकत नाही, कारण रोपलेल्या पारपटलावर नवे आवरण पुरवणारा झराच आटलेला असतो. ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या गटाने दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या लिंबसमधून घेतलेल्या पेशी वाढवून अशा ११२ रुग्णांवर उपचार केले आणि २०१० मध्ये त्यांचे दीर्घकालीन निष्कर्ष मांडले. त्यात एक आकडा असा आहे की या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने तो भिंतीवर लिहून ठेवावा. वसाहत, म्हणजे एका पेशीपासून वाढणारा पुंजका, निर्माण करू शकणाऱ्या पेशींमध्ये पी-६३ हे मूलपेशीची खूण मानले जाणारे प्रथिन भरपूर असलेल्या पेशींचे प्रमाण ज्या थरांत तीन टक्क्यांहून अधिक होते, तिथे ७८ टक्के रुग्णांत रोपण यशस्वी झाले. जिथे ते तीन टक्के किंवा त्याहून कमी होते, तिथे अवघ्या ११ टक्क्यांत. दोन्ही थर एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने, त्याच कसबी हातांनी वाढवलेले होते. पेशींची एकूण संख्या भरपूर असूनही त्यात दीर्घकाळ टिकणारी मूलपेशी नसेल तर रुग्णाच्या डोळ्यावर बसते ते काही महिन्यांत झडून जाणारे आवरण. हा फरक पाहून कळत नाही. तो मोजावा लागतो, आणि मोजण्याची सोय नसलेल्या केंद्राने केलेले रोपण हा रुग्णाच्या डोळ्यावर लावलेला जुगार ठरतो.

मोजायचे तरी काय काय, तर यादी लांबलचक आहे. पेशी जिवंत किती, हव्या त्या जातीच्या किती, थर किती पदरी आहे, वाढताना गुणसूत्रांत बिघाड झाला का, मायकोप्लाझ्मासारखा डोळ्यांना न दिसणारा जंतू शिरला का, जिवाणूंचे विष शिल्लक आहे का. यातली मोठी अडचण अशी की पापुद्रा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की तो रोपणासाठी उरत नाही. म्हणून एकाच रुग्णाचे अनेक थर सोबत वाढवून त्यातला एखादा तपासणीसाठी बळी द्यावा लागतो, आणि तो इतरांसारखाच होता या गृहीतकावर भिस्त ठेवावी लागते. काही ठिकाणी थराला धक्का न लावता माहिती काढता येते: डोळ्याच्या मागच्या पडद्यासाठी वाढवलेल्या रंगद्रव्य-पेशींच्या थराचा विद्युत्‌रोध मोजला तर पेशींमधले सांधे किती घट्ट आहेत ते कळते, आणि भोवतीच्या द्रवात त्यांनी कोणती प्रथिने किती सोडली यावरून त्या काम करताहेत का याचा अंदाज येतो. दुसरी अडचण वेळेची. औषधसंहितेनुसार निर्जंतुकतेच्या पारंपरिक चाचणीला १४ दिवस लागतात, आणि जिवंत पापुद्रा एवढा थांबत नाही. युरोपात २०१५ मध्ये सशर्त मान्यता मिळालेल्या होलोक्लार या लिंबल पेशींच्या उत्पादनाचे आयुष्य बाहेर पाठवल्यापासून ३६ तासांचे आहे. अर्थात चाचणीचा अंतिम निकाल येण्याआधीच रोपण उरकलेले असते. त्यामुळे जलद चाचण्या, प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावरचे नमुने आणि निकाल नंतर वाईट आला तर रुग्णाला त्याच दिवशी शोधून काढण्याची व्यवस्था, या तिन्ही गोष्टी आधी उभ्या असाव्या लागतात.

पारख करणाऱ्याला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असेल तरच या सगळ्याला अर्थ आहे. जपानमध्ये सप्टेंबर २०१४ मध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने प्रेरित बहुक्षम पेशींपासून, म्हणजे साध्या पेशींना मूळ अवस्थेत नेऊन कोणत्याही जातीच्या पेशी घडवण्याजोग्या केलेल्या पेशींपासून, वाढवलेला रंगद्रव्य-पेशींचा पापुद्रा सत्तरी ओलांडलेल्या एका महिलेच्या डोळ्यात ठेवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींची जनुकीय तपासणी केली तेव्हा त्यांत बदल आढळले, आणि ते रोपण थांबवण्यात आले. जगभर गाजणारा प्रयोग चालू असताना दुसऱ्याच पायरीवर थांबायला केवढे बळ लागले असेल याची कल्पना करावी. पहिल्या रुग्णाबद्दलही त्यांनी जे लिहिले ते मोजूनमापून लिहिले: पापुद्रा वर्षभर टिकला, दृष्टी सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या ज्या अंकात हा अहवाल आला, त्याच अंकात लगेच पुढच्या पानापासून दुसरा लेख सुरू होतो. त्यात फ्लोरिडातील एका क्लिनिकने तीन महिलांकडून पैसे घेऊन त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्याची आणि तिघींची दृष्टी अतोनात खालावल्याची हकीकत आहे. आजार तोच, म्हातारपणी होणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास. दोन्ही ठिकाणच्या पेशी ‘रुग्णाच्या स्वतःच्याच’ होत्या.

जपानची दुसरी हकीकतही सांगायला हवी, नाहीतर मी तिथल्या व्यवस्थेची नुसतीच आरती करतो आहे असे वाटेल. मांडीच्या स्नायूतील पेशींपासून केलेल्या, थकलेल्या हृदयावर ठेवण्याच्या हार्टशीट या पापुद्र्याला २०१५ मध्ये सशर्त, मुदतीची मान्यता देण्यात आली. आधार होता सात रुग्णांच्या चाचणीचा. अट अशी की बाजारात असतानाच अधिक रुग्णांची माहिती गोळा करून परिणामकारकता सिद्ध करावी. ती सिद्ध झाली नाही, आणि २०२४ मध्ये हे उत्पादन मागे घ्यावे लागले. माझ्या मते यात दोन धडे आहेत आणि ते एकमेकांच्या विरोधात जातात. सात रुग्णांवरून दार उघडणे ही घाई होती. पण दार उघडताना नोंदींची अट घातली होती म्हणूनच नऊ वर्षांनी का होईना, ते बंद करता आले. जिथे नोंदीच नाहीत तिथे निरुपयोगी उपचार कधीच मागे घेतला जात नाही, कारण तो निरुपयोगी आहे हे कोणाला कळतच नाही.

आपल्या देशात या विषयातला सर्वांत शिकण्याजोगा अनुभव हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचा आहे, आणि तो गोव्याच्या कामाचा आहे. या संस्थेने २००१ च्या सुमारास गर्भवेष्टनाच्या, म्हणजे गर्भाभोवतीच्या पिशवीच्या, पडद्यावर लिंबल पेशी वाढवून त्यांचे रोपण सुरू केले आणि दहा वर्षांत दोनशे रुग्णांचा अनुभव नोंदवला, यश सुमारे ७१ टक्के. एवढे कमावल्यावर कोणतीही संस्था त्या प्रयोगशाळेचा विस्तार करती. तिथल्या वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी मात्र २०१२ मध्ये एक वेगळीच पद्धत मांडली. निरोगी डोळ्याच्या लिंबसचा छोटासा तुकडा घ्यायचा, शस्त्रक्रियागृहातच त्याचे बारीक कण करायचे, आजारी डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पडदा चिकटवून त्यावर ते कण फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या गोंदाने बसवायचे, आणि पेशींना डोळ्यावरच वाढू द्यायचे. इन्क्युबेटर नको, पोषकद्रव नको, प्रयोगशाळाच नको. पुढे १२५ रुग्णांच्या अभ्यासात या पद्धतीचे यश ७६ टक्के आढळले. प्रत्येक रुग्णाचा काटेकोर हिशेब ठेवला होता म्हणूनच प्रयोगशाळा वगळता येते हे त्यांना सिद्ध करता आले. चतुर्थीपूर्वी घराला चुना काढताना डोळ्यात चुना उडालेला पेडणे किंवा सत्तरी तालुक्यातला माणूस ज्या उपचाराने बरा होऊ शकतो, त्यासाठी कुशल शल्यचिकित्सक, गर्भवेष्टनाचा सुरक्षित पुरवठा आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा बाह्यरुग्ण विभाग लागतो; कोट्यवधींचे स्वच्छ कक्ष लागत नाहीत. हा उपचार बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, सर्वांना सहज उपलब्ध करणे हे मला कोणत्याही ‘स्टेम सेल केंद्रा’पेक्षा अधिक निकडीचे वाटते, मग त्या केंद्राची कोनशिला कोणाच्याही हस्ते बसो.

आता आपल्या दारातली परिस्थिती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेहविषयक इंडियाब सर्वेक्षणात मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळले, २६.४ टक्के. म्हणजे न भरणाऱ्या पायाच्या जखमा, निकामी होणारे मूत्रपिंड, धूसर होणारी दृष्टी यांनी गांजलेला आणि पैसे मोजायला तयार असलेला मोठा वर्ग इथे आहे. त्यात झिजलेल्या गुडघ्यांची भर. पेशींच्या पापुद्र्यांनी जुनाट जखमा भरण्याचे प्रयोग जगात चालू आहेत आणि त्यांतून काही चांगले निघेलही. पण वयस्क मधुमेही माणसाच्या पेशी तरुण, निरोगी माणसाच्या पेशींइतक्या जोमाने वाढत आणि काम करत नाहीत, त्यामुळे नेमक्या आपल्या रुग्णांच्या बाबतीत पारख अधिक कडक हवी. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी एका खासगी क्लिनिकमध्ये गुडघ्यात स्वतःच्या चरबीतल्या पेशी टोचून घेतल्या. तो पापुद्रा नव्हता, साधे इंजेक्शन होते, पण प्रश्न तोच लागू होतो. त्यांना मिळालेली फाइल मी चाळली. गुळगुळीत कागदावर संस्थेचे बोधचिन्ह, पेशींची कोटींतली संख्या, खाली शिक्का. त्यातल्या जिवंत किती, मूलपेशी किती आणि नुसत्या रक्तपेशी किती, निर्जंतुकतेची कोणती चाचणी केली, तिचा निकाल कधी आला, यांपैकी एकही ओळ नव्हती. पैसे भरल्याची पावती मात्र तपशीलवार होती.

कायद्याची बाजू अस्पष्ट आहे असे कोणी समजू नये. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी केले जाणारे रक्तजनक मूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा इतर वापर प्रायोगिक मानला जातो. तो रीतसर मान्यता घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच करायचा, आणि चाचणीत सहभागी झालेल्याकडून त्याचे शुल्क घ्यायचे नाही. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनी पेशींपासून बनवलेली उत्पादने नव्या औषधांच्या कक्षेत आणली. हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पाडणाऱ्या बुर्गर आजारासाठीच्या स्टेमप्यूसेलसारख्या मोजक्या उत्पादनांना औषध नियंत्रकांनी पुरावे तपासून परवानगी दिली, म्हणजे सरळ वाटेने जाता येते हेही सिद्ध झाले आहे. स्वमग्न मुलांना मूलपेशी टोचण्याविरुद्ध राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट मत दिले. नियम आहेत, जिल्ह्याच्या पातळीवर जाऊन ‘तुमच्या पेशींचा तपासणी अहवाल दाखवा’ असे विचारणारा जाणकार माणूस नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला गोळ्यांच्या पट्टीवरची मुदत वाचता येते, पण कोणत्या जातीच्या पेशी किती आहेत हे दाखवणारा प्रवाह-मापन (फ्लो सायटोमेट्री) आलेख वाचायला त्याला कोणी शिकवलेले नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

यावर घेतला जाणारा सर्वांत प्रामाणिक आक्षेप रुग्णांकडून येतो. शरीर माझे, पेशी माझ्या, पैसे माझे. मग सरकार मध्ये का? मला या भावनेविषयी आदर आहे, कारण ज्याच्यापुढे दुसरा उपचार उरलेला नाही त्याला नियमावली वाचून दाखवणे क्रूरपणाचे असते. पण पेशी शरीराबाहेर काढून, बहुतेकदा वासराच्या गर्भाच्या रक्तद्रवावर पोसून, कित्येक पिढ्या वाढवून परत आणल्या की त्या पूर्वीच्या राहत नाहीत. ते तयार केलेले उत्पादन असते, आणि उत्पादनाची जबाबदारी उत्पादकाचीच असते. शिवाय स्वातंत्र्याने निवड करायची तर निवडण्याइतकी माहिती हवी. शिक्षकांच्या त्या फाइलमध्ये ती नव्हती.

दुसरा आक्षेप असा की गोव्यातला रुग्ण अशा प्रत्येक गोष्टीसाठी मुंबई, बेळगाव, मणिपाल गाठतो, तेव्हा प्रयोगशाळा इथे का नको? नको असे मी म्हणत नाही, पुढे जरूर असावी. पण ३६ तास टिकणारा पापुद्रा हैदराबादहून दाबोळी किंवा मोपा विमानतळावर सहज पोचू शकतो. तो पोचल्यावर पेटीतले तापमान वाटेत घसरले होते का हे पाहणारा, सोबतचा अहवाल वाचून तो स्वीकारायचा की परत करायचा हे ठरवणारा, आणि रुग्णाला पाच वर्षे दर सहा महिन्यांनी बोलावणारा माणूस मात्र विमानाने मागवता येत नाही. रोजगाराच्या मुद्द्यावर तर गोव्याचे बळ नेमके याच बाजूला आहे, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही याचे मला नवल वाटते. वेर्ण्यापासून पिळर्णपर्यंतच्या औषध कारखान्यांत गुणवत्ता नियंत्रणात काम करणारी हजारो मुले-मुली आहेत. निर्जंतुक कक्षात कसे वावरायचे, बॅचची नोंदवही कशी भरायची, मर्यादेबाहेर गेलेल्या निकालाची चौकशी कशी करायची आणि माल तयार असूनही तो कधी अडवून धरायचा, हे त्यांच्या हाताला सवयीचे झाले आहे. पापुद्र्याच्या बाबतीत बॅच म्हणजे एक रुग्ण, एवढाच फरक.

म्हणून सुरुवात छोटी असावी. गोमेकॉत पेशींच्या तपासणीचा एक कक्ष, जो स्वतः एकही पेशी विकणार नाही. राज्यात कोणत्याही इस्पितळात वा क्लिनिकमध्ये पेशी देऊन उपचार झाला तर त्याची सक्तीची नोंद, ज्यात पेशींचा अहवाल, रुग्णाची आधीची मोजलेली स्थिती आणि सहा महिने, एक वर्ष, तीन वर्षे यांनंतरची मोजलेली स्थिती असेल. नाव झाकून ही नोंद कोणालाही पाहता यावी. राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेखाली अशा उपचाराचा खर्च द्यायचा की नाही हे या नोंदी ठरवतील, आमदारांची शिफारस नव्हे. अन्न व औषध प्रशासनाच्या दोन-तीन निरीक्षकांना या कामाचे नीट प्रशिक्षण. आणि कक्षाच्या समितीवर डॉक्टरांइतकाच अधिकार असलेला, औषध कारखान्यात बॅच नाकारण्याचे काम केलेला एक अनुभवी माणूस, ज्याची बढती आणि बदली त्या डॉक्टरांच्या हातात नसेल.